भीतीची किल्ली

प्रयोगशाळेच्या बेसिनवर केतकी घोलप ब्युरेट धूत होती तेव्हा तिच्या डाव्या मनगटावरचा पट्टा दोनदा थरथरला. एकदा थरथरला असता तर चार्जिंग संपत आलंय एवढाच अर्थ होता. दोनदा म्हणजे कमरेच्या पिस्तुलाचं कुलूप उघडलं होतं.

ती गर्रकन वळली. मागे नववीतली झेलम भोसले उभी होती. हातात रिकामी डबी.

"मॅडम, लिटमस संपला," झेलम म्हणाली.

"कपाटात आहे. वरच्या फळीवर," केतकी म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, पण हात बर्फासारखे गार पडले होते. झेलम कपाटाकडे गेली, तिने डबी भरून घेतली, ती आपल्या बाकावर जाऊन बसली. थोड्या वेळाने कुलूप आपोआप बंद झालं. केतकीने स्वतःला समजावलं, नळाचं पाणी गार होतं म्हणून यंत्र फसलं असेल.

निमखेडच्या माध्यमिक विद्यालयात केतकी विज्ञान शिकवायची. गेल्या वर्षीपासून ती शाळेची संरक्षक शिक्षिकाही होती. मराठवाड्यातल्या एका शाळेत बंदूक घेऊन शिरलेल्या माणसाने सात मुलं मारली, त्यानंतर राज्यभर एकच ओरड झाली: पोलीस येईपर्यंत मुलांना वाचवणार कोण? शिक्षकांना शस्त्र द्या, असं एक बाजू म्हणत होती. दुसरी बाजू म्हणत होती, ज्या मास्तरला पट्टी हातात असताना राग आवरत नाही, त्याच्या हातात पिस्तूल द्यायचं? या दुसऱ्या प्रश्नाला बराच काळ कुणाकडे उत्तर नव्हतं. मग पुण्यातल्या एका प्रयोगशाळेने ते शोधून काढलं.

केतकीच्या प्रशिक्षणात डॉ. परिमल ओक नावाच्या शास्त्रज्ञाने ते समजावून सांगितलं होतं. राग आणि भीती, दोन्हींत छाती धडधडते, श्वास वाढतो. पण शरीराला दोन्हींतला फरक कळतो. रागात रक्त हातांकडे धावतं, तळवे तापतात, कारण हाताने झुंजायचं असतं. भीतीत रक्त पायांकडे ओढलं जातं, कारण पळायचं असतं, म्हणून हात गार पडतात. रक्तात उतरणाऱ्या रसायनांचं प्रमाणही दोन्हींत वेगळं असतं. पट्ट्याच्या आतल्या बाजूला केसाहूनही बारीक सुया होत्या. त्या त्वचेखालचा द्रव सतत तपासत. रागाची खूण दिसली तर पिस्तूल म्हणजे निव्वळ लोखंड. खऱ्या, जिवाच्या भीतीची खूण दिसली तरच चाप मोकळा होई.

"रागाला कुलूप, भीतीला किल्ली," डॉ. ओक हसून म्हणाले होते.

"आणि भीती चुकीची असली तर?" केतकीने विचारलं होतं.

"मॅडम, भीती खरी असते किंवा खोटी असते. नाटक करून आमच्या यंत्राला फसवता येत नाही, एवढी खात्री मी देतो."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. पुढे कायदा झाला, त्यातही हेच आलं. कुलूप उघडलं असेल तर शिक्षकाला जिवाची भीती होती असं धरलं जाईल. आणि समोरच्याने ती भीती निर्माण केली असंही धरलं जाईल. या दुसऱ्या वाक्यावर विधानसभेत फारशी चर्चा झाली नाही.

दुसऱ्यांदा पट्टा थरथरला तो दिवाळीच्या सुट्टीनंतर. जिन्याच्या वळणावर केतकी एकटीच उतरत होती आणि खालून कुणीतरी धावत वर आलं. झेलमच होती. वर्गात पाण्याची बाटली विसरली म्हणून परत आली होती.

या वेळी नळ नव्हता, गार पाणी नव्हतं. जिन्यावरून दिवसभर मुलं धावतात. पट्टा कधी हलला नव्हता.

केतकी खाली पायरीवर बसून राहिली. झेलमला या शाळेत आणलं होतं ते तिनेच. झेलम पारध्यांची. माळावरच्या त्या वस्तीवर केतकी स्वतः गेली होती, सुरमल भोसलेच्या ताडपत्रीच्या घरात बसून बिनदुधाचा चहा प्यायली होती. "भाऊ, पोरगी हुशार आहे, तिला शाळेतून काढू नका," असं तिने हात जोडून सांगितलं होतं. सुरमलने पोरीचं नाव ठेवलं होतं झेलम, कारण ती जन्मली तेव्हा रुळावरून झेलम एक्सप्रेस धडधडत गेली होती. ते सांगताना तो इतका हसला होता की केतकीलाही हसू आवरेना. पारध्यांना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा कायदा जाऊन शंभर वर्षं होत आली होती, तरी निमखेडात मोटार चोरीला गेली की पोलिसांची गाडी आधी माळावर जाई. याची केतकीला चीड होती. वर्गात ती तसं बोलूनही दाखवायची.

आणि तिच्याच मनगटावरचं यंत्र सांगत होतं की ती या मुलीला घाबरते.

त्या आठवड्यात डॉ. ओकांचा फोन आला. सगळ्या पट्ट्यांच्या नोंदी त्यांच्याकडे जात.

"मॅडम, तुमचं कुलूप दोनदा उघडलेलं दिसतंय. शस्त्र बाहेर निघालेलं नाही, म्हणून चिंता नाही. फक्त विचारून ठेवतो, समोर कोण होतं?"

केतकीच्या तोंडात नाव आलं होतं. ते सांगितलं असतं तर त्यांनी पट्टा काढून घेतला असता, कारण विचारलं असतं, मुख्याध्यापक वाबळे सरांना कळवलं असतं. स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं असतं, बघा, घोलप मॅडमनासुद्धा पारध्यांची भीती वाटते.

"साप निघाला होता," ती म्हणाली. "आमच्याकडे मागे झाडी आहे ना. दोन्ही वेळेला."

"सापाला कोण घाबरत नाही," डॉ. ओक म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

रात्री जेवताना तिने नवऱ्याला अर्धवटच सांगितलं, पट्टा उगाच थरथरतो म्हणून. हर्षद कालवा विभागात अभियंता होता. यंत्र बिघडलं तर बदलायचं, एवढं त्याला ठाऊक होतं. "नवीन मागवून घे," तो म्हणाला. तिने मान डोलावली आणि मागवला नाही.

डिसेंबरात विज्ञान प्रदर्शन भरलं. पटांगणात मांडव, टेबलांवर मुलांची मॉडेल्स, पाहुणे दुपारी यायचे होते. झेलमने पवनचक्की केली होती. सायकलच्या डायनामोवर दिवा लागायचा. पण खांबच नव्हता. शाळेतला पाइप आखूड पडला. "आबा आणतायत," ती सकाळपासून सांगत होती.

पुढच्या फाटकावर नवा रखवालदार होता. सुरमलला त्याने दोनदा हटकलं आणि परत पाठवलं, हे पुढे चौकशीत निघालं. तेव्हा सुरमल वळसा घालून शाळेच्या मागच्या पडक्या कुंपणातून आत आला.

केतकीने त्याला पाहिलं तेव्हा तो मांडवापासून वीसेक पावलांवर होता. खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेली लांबलचक वस्तू, डोक्याला आणि अर्ध्या चेहऱ्याला उन्हासाठी बांधलेला पंचा, चालणं घाईचं. तिच्या मागे दीड-दोनशे मुलं होती. ती पुढे झाली आणि ओरडली, "कोण आहे? थांबा तिथेच."

छाती धडधडत होती, हे तिला नंतर नीट आठवत होतं. हात पिस्तुलावर गेला होता, हेही. पण पट्टा गप्प होता. अनोळखी माणूस, झाकलेला चेहरा, हातात लांब काहीतरी, आणि तरीही यंत्राच्या लेखी ती फक्त सावध होती.

माणूस थांबला. त्याने पंचा खाली ओढला.

"सुरमलभाऊ?" केतकी म्हणाली.

"व्हय बाई," तो म्हणाला, आणि खांब दाखवायला म्हणून त्याने खांद्यावरचं गोणपाट पुढे घेऊन सोडायला सुरुवात केली.

पट्टा दोनदा थरथरला, आणि गोळी सुटली.

सुरमल बसकण मारल्यासारखा खाली आला. गोणपाटातून वेळूचा खांब निसटला आणि गडगडत जाऊन टेबलाच्या पायाला अडला. झेलम मांडवातून धावत आली. ती ओरडली नाही. आपली ओढणी बापाच्या उजव्या कोपरावर गुंडाळत राहिली आणि मधूनच वर पाहत राहिली, केतकीकडे.

संध्याकाळपर्यंत सारं ठरून गेलं होतं. पट्ट्याची नोंद स्वच्छ होती. भीती खरी, शंकेला जागाच नाही. मुख्याध्यापक वाबळे सर भला माणूस, त्यांनी केतकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुम्ही तुमचं कर्तव्य केलंत. मुलं मागे होती. काही कमीजास्त झालं असतं तर?"

"त्यांच्याकडे वेळू होता, सर."

"तुम्हाला कुठे ठाऊक होतं? यंत्र काय खोटं सांगेल?"

शाळेच्या आवारात बेकायदा प्रवेश, शस्त्रासारखी वस्तू रोखून जिवाची भीती घालणं, असा गुन्हा सुरमलवर नोंदवला गेला. कायदा तसाच होता. केतकी निर्दोष ठरायची तर कुणीतरी भीती घातलेली असणं भाग होतं. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात सुरमलच्या खाटेशी एक शिपाई बसवला. गावात लोक केतकीला थांबवून हात जोडू लागले. ग्रामपंचायतीने सत्कार ठरवला, तो तिने तब्येतीचं निमित्त सांगून टाळला. झेलम शाळेत यायची बंद झाली.

"चौकशी समितीपुढे तुला फक्त हो म्हणायचंय," हर्षद म्हणाला. "भीती वाटली होती का? हो. संपलं."

"वाटली होती, हे खरंय."

"मग झालं तर. तू खोटं कुठे बोलतेयस?"

ती ताटावरून उठली. तिला हेच खुपत होतं. खोटं बोलायचीही गरज नव्हती.

समितीच्या आदल्या दिवशी ती दवाखान्यात गेली. शिपायाने तिला ओळखून खुर्ची दिली. ती बसली नाही. सुरमलचा हात दंडापासून बोटांपर्यंत बांधलेला होता. झेलम पायथ्याशी बसून संत्रं सोलत होती. तिने मान वर केली नाही.

"भाऊ, कसं आहे?" केतकीने विचारलं, आणि विचारताच तिला लाज वाटली.

"डॉक्टर म्हनतोय, हात वाकनार न्हाई म्हून." सुरमलने डाव्या हाताने पांघरूण सारखं केलं. मग म्हणाला, "बाई, येक इचारू?"

"विचारा."

"तुमी मला वळखलं व्हतं. नाव घ्येतलं माजं. मंग का?"

केतकीने खाटेचा गार लोखंडी गज धरला. तिला काहीतरी सांगायचं होतं, ऊन, मुलं, गोणपाट, आणि त्यातलं एकही कारण त्या प्रश्नाला पुरेना.

"पोलिसांना सांगितलंत हे?"

"सांगून काय? तुमचं मिशीन बोललंय म्हनत्यात. आमचं कोन ऐकतंय."

झेलमने संत्र्याची फोड बापाच्या तोंडात घातली. "आबा, खा," एवढंच ती म्हणाली. 

समिती जिल्हा परिषदेच्या सभागृहात बसली. अध्यक्ष होत्या कुमुद आठल्ये, निवृत्त न्यायाधीश, ऐकू थोडं कमी यायचं, पण प्रश्न नेमके. आधी डॉ. ओकांनी पडद्यावर आलेख दाखवला. तळहाताचं तापमान सरसर खाली, अ‍ॅड्रेनालिन वर, श्वास रोखलेला. "इतकी निर्विवाद भीती आम्ही क्वचित पाहतो," ते म्हणाले. मग केतकीला उभं केलं.

"घोलप बाई, त्या क्षणी तुम्हाला जिवाची भीती वाटली होती?" आठल्येबाईंनी विचारलं.

"हो."

"ठीक आहे. आणखी काही सांगायचंय?"

मागच्या रांगेत हर्षद बसला होता. तो किंचित पुढे झुकला. केतकीने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"तो आलेख जरा मागे घ्यायला सांगा," ती म्हणाली. "मी ओरडले त्या वेळेपर्यंत. तेव्हा तो माणूस कोण हे मला माहीत नव्हतं. चेहरा झाकलेला होता, हातात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्या वेळी कुलूप उघडलेलं दिसतंय का?"

डॉ. ओकांनी पडद्याकडे पाहिलं. "नाही. तुम्ही सतर्क आहात, पण भीती नाही."

"मग त्यांनी पंचा काढला. मी त्यांना ओळखलं, नावाने हाक मारली. त्यांच्या घरी मी चहा प्यायलेय. त्यानंतर कुलूप उघडलं." तिने पडद्यावरच्या आलेखाकडे बोट केलं. "मी त्यांना ओळखलं म्हणून घाबरले. ते पारधी आहेत हे मला ठाऊक होतं म्हणून."

सभागृहात कुजबुज झाली. आठल्येबाईंनी कानामागे हात धरला. "नीट सांगा. तुम्ही स्वतः त्यांच्या मुलीला शाळेत आणलंत असं इथे सांगितलं गेलंय."

"आणलं. आणि ती मुलगी पाठीमागे येऊन उभी राहिली तरी माझं कुलूप उघडायचं. दोनदा उघडलं. डॉक्टरसाहेबांनी मला विचारलं होतं, समोर कोण होतं. मी म्हणाले, साप होता. साप नव्हता. झेलम होती."

डॉ. ओक खुर्चीतून अर्धवट उठले आणि पुन्हा बसले.

"त्या दिवशी मी खरं सांगितलं असतं तर माझ्याकडे पिस्तूल राहिलं नसतं," केतकी म्हणाली. "मी लहान असताना आमच्या आळीत कुणीतरी 'पारधी आले' म्हटलं की आई दिवसाढवळ्या दाराला कडी घालायची. पुढे मी शिकले, भाषणं केली, मला वाटलं ते गेलं. माझ्या डोक्यातून गेलं होतं. हातापायांतून गेलं नव्हतं. यंत्राने तेवढंच बरोबर ओळखलं."

"म्हणजे भीती खरी होती," आठल्येबाई हळू म्हणाल्या.

"खरी होती. रास्त नव्हती. सुरमलभाऊंनी मला भीती घातली नाही. ती माझ्याकडे आधीपासून होती. त्यांच्यावरचा गुन्हा खोटा आहे."

आठल्येबाईंनी चष्मा काढून डॉ. ओकांकडे पाहिलं. "डॉक्टर, तुमचं यंत्र भीती रास्त आहे का, हे सांगू शकतं?"

"नाही," डॉ. ओक म्हणाले. त्यांच्या आवाजातला नेहमीचा उत्साह गेला होता. "ते आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं." मग म्हणाले, "या बाईंनी विचारलं होतं. प्रशिक्षणात. मी हसण्यावारी नेलं."

परतीच्या वाटेवर गाडी हर्षद चालवत होता. टोलनाका गेल्यावर म्हणाला, "आता तुझ्यावर केस होईल."

"हो."

"मला सांगायचंस तरी आधी."

"सांगितलं असतं तर तू समजूत घातली असतीस," ती म्हणाली, "आणि माझी समजूत पटली असती."

सुरमलवरचा गुन्हा मागे घ्यायला उन्हाळा उजाडला. हात वाकला नाही तो नाहीच. केतकी निलंबित झाली, जामिनावर सुटली, आणि तारखांना जिल्ह्याच्या कोर्टात जाऊ लागली. गावात हात जोडणारे आता वाट बदलू लागले. वाबळे सरांनी निरोप पाठवला की शाळेचं नाव खराब झालं.

पण त्याहून वाईट पुढे आलं. समितीच्या आदेशाने डॉ. ओकांनी राज्यातल्या सगळ्या पट्ट्यांच्या नोंदी पहिल्यांदाच नीट तपासल्या. शेकडो शाळांत कुलपं गुपचूप उघडत होती, आणि दरवेळी कुणीतरी साप, कुत्रा, फटाक्याचा आवाज सांगितलेला होता. कॅमेऱ्यांशी ताडून पाहिल्यावर समोर मुलं सापडली, ठरावीक वस्त्यांतली, ठरावीक आडनावांची. एकदा फोनवर बोलताना डॉ. ओक म्हणाले, "मॅडम, मला वाटलं होतं हे कळल्यावर शाळा पिस्तुलं परत करतील. काहींनी केली. काहींनी त्या मुलांच्या हाती शाळा सोडल्याचे दाखले दिले. म्हणाले, ही मुलं नसली की कुलूप बंद राहतं."

केतकीने फोन ठेवला. त्या दिवशी तिने काही खाल्लं नाही. तिला सारखं वाटत राहिलं की पहिल्या थरथरीनंतरच ती बोलली असती तर ही मुलंही वाचली असती. कदाचित वाचली नसती. पण तो विचार तिला दिलासा देईना.

पावसाळ्यानंतर योजना थांबवली गेली, पट्टे परत मागवले गेले. त्यावरही भांडणं झाली. मुलांना आता वाचवणार कोण, हा प्रश्न जिथल्या तिथेच होता, आणि तो विचारणारे सगळेच काही वाईट नव्हते.

कोर्टाच्या एका तारखेला केतकी सकाळच्या एसटीची वाट पाहत फाट्यावर उभी होती. शेजारी गणवेशातली एक उंच मुलगी येऊन थांबली. झेलम. ती आता दहावीला होती, बारा मैलांवरच्या दुसऱ्या शाळेत.

"कशी आहेस?" केतकीने विचारलं.

"बरी आहे."

"आबा?"

"डाव्या हाताने करतात सगळं. आता जमतं." झेलम रस्त्याकडे पाहत होती. मग म्हणाली, "आबा म्हणतात, मॅडम खरं बोलल्या. मी म्हणते, उशिरा बोलल्या."

"तुझंच बरोबर आहे," केतकी म्हणाली.

झेलमने तिच्याकडे पहिल्यांदा सरळ पाहिलं. "आता मला बघून काय होतं तुम्हाला?"

भीती वाटते म्हणणं आणि वाटत नाही म्हणणं, केतकीला दोन्ही सोपं होतं.  "मला नक्की माहीत नाही," ती म्हणाली. "मी रोज स्वतःला तपासून बघतेय."

झेलमने मान हलवली, पटल्यासारखी किंवा न पटल्यासारखी. गाडी आली. आत गर्दी होती. झेलमला खिडकीशी जागा मिळाली आणि तिच्या शेजारची एकच जागा रिकामी राहिली, तिथे झेलमचं दप्तर. केतकी दांड्याला धरून थोडा वेळ उभी राहिली. मग वाकून म्हणाली, "बसू का?"

झेलमने क्षणभर विचार केला. दप्तर उचलून मांडीवर घेतलं, आणि केतकी बसल्यावर दोन्ही हातांनी ते छातीशी घट्ट धरलं. तिचं उतरायचं ठिकाण येईपर्यंत तिने ते तसंच धरून ठेवलं.